गायधनी आणि जांभळी कड

गायधनी काका माणसाकडे एका डोळ्याने बघतात. डावा डोळा कायम मिटलेला. त्या डोळ्याला काही झालेलं नाही, चांगला धडधाकट आहे, पण तो उघडायची त्यांना सवयच राहिलेली नाही. चहा पिताना मिटलेला, रस्ता ओलांडताना मिटलेला. आमच्या घरी सत्यनारायण होता तेव्हा तीर्थ घ्यायला हात पुढे केला तोही डावा डोळा मिटूनच. भटजींना वाटलं, हे गृहस्थ आपल्याला डोळा मारताहेत. त्यानंतर प्रसाद वाटून होईपर्यंत भटजींनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

या डोळ्याचं कारण म्हणजे त्यांची नोकरी. देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या वर्कशॉपात त्यांनी सगळी हयात दुर्बिणी आणि तोफेला नेम धरायची भिंगं दुरुस्त करण्यात घालवली. सैनिक नव्हेत, सिव्हिलियन. पण ऐट अशी की तोफ यांच्याशिवाय उडतच नव्हती. रिटायर झाल्यावर माणसं बागेत जातात, देवळात जातात, पेन्शनीच्या गप्पा मारतात. हे माझ्या दुकानात यायला लागले.

माझं दुकान कॅम्पच्या बाजारात. फोटो स्टुडिओ आणि कलर लॅब. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक जवान, नाहीतर त्यांच्या बायका. गावी पाठवायला फोटो हवा असतो, मुलाला शाळेत घालायला फोटो हवा असतो. त्यांना फोटोत आपण ओळखू आलो की बास. दोन हजार साल उलटल्यावर मी रोल बाजूला ठेवून डिजिटल कॅमेरा घेतला, कॉम्प्युटर घेतला, काचेच्या दारावर 'डिजिटल' असं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. आणि नेमका त्याच सुमारास गायधनींना माझ्या फोटोंमध्ये जांभळी कड दिसायला लागली.

गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग असायचं, वर्कशॉपातलं. दुकानात आले की विचारणं नाही, सवरणं नाही, काउंटरवरच्या तयार फोटोंच्या गठ्ठ्यातला एक उचलायचे, भिंग उजव्या डोळ्याला लावायचे, आणि म्हणायचे, "कड सुटलीये." मग तो फोटो गठ्ठ्यापासून वीतभर लांब ठेवायचे आणि जाहीर करायचे, "रिजेक्ट." वर्कशॉपात यांच्या हातात तसा शिक्का होता म्हणे. माझ्या दुकानात शिक्का माझ्या हातात होता, पण ते त्यांच्या गावी नव्हतं.

मला आधी कळेचना काय सुटलंय. फोटोत माणूस होता, झाड होतं, आभाळ होतं. त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं. झाडाच्या फांदीला, जिथं मागे पांढरं आभाळ होतं, तिथं खरंच बारीकशी जांभळी किनार होती. साडीला असते तशी. मी म्हटलं, बरं मग? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरातलं काहीतरी चोरलंय.

मग मला शिकवणी सुरू झाली. मी मागितलेली नव्हती. पांढरा उजेड म्हणजे रंगरुटांची रांग, असं त्यांचं म्हणणं. काच आली की रांगेला वळायचा हुकूम होतो. तांबडा आळशी, तो कमी वळतो. जांभळा उतावळा, तो गरजेपेक्षा जास्त वळतो. पलीकडे पोचेपर्यंत तांबडा एकीकडे उभा आणि जांभळा दुसरीकडेच. मधल्या भागात ही भानगड एकमेकांत झाकून जाते, पण गडद आणि उजळ जिथं शेजारी येतात त्या काठावर हा भरकटलेला जांभळा उघडा पडतो. चांगल्या दुर्बिणीत दुसऱ्या जातीची काच चिकटवून त्याला परत रांगेत आणतात, आणि आपण जन्मभर तेच केलं, असं ते सांगायचे. हे त्यांनी मला एकदा नाही, निदान चाळीस वेळा ऐकवलं असेल. आमच्या बायकोलासुद्धा पाठ झालं होतं.

आणि उपाय? उपाय तर ते गिऱ्हाइकांनाही सांगायचे. लेन्सची खिडकी, म्हणजे ज्याला आम्ही अ‍ॅपर्चर म्हणतो ती, सताड उघडी ठेवू नका, बारीक करा, आठ आकड्यावर आणा. उजळ आभाळ पाठीशी घेऊ नका. झूम शेवटपर्यंत ताणू नका. माणूस मधोमध उभा करा, कोपऱ्यात काच जास्त लबाडी करते. लुधियानाकडचा एखादा जवान गावी आईला पाठवायचा फोटो न्यायला आलेला असायचा, त्याला हे सगळं हिंदीत. ते हिंदीही असं की जवान 'जी, जी' करत मागे सरकत दाराबाहेर जायचा.

एकदा एका सुभेदारसाहेबांचा फोटो होता. माणूस उंचापुरा, मिशा अशा की आधी मिशा दुकानात यायच्या आणि मग साहेब. मैदानावर उभं करून मी तो फोटो काढला होता, जीव ओतून. साहेब खूश होऊन पाकिटात घालणार तेवढ्यात गायधनींनी भिंग लावलं आणि म्हणाले, "साहब, आपके मूँछ को जामुनी बॉर्डर है." सुभेदारसाहेबांनी आधी आरशात बघितलं, मग फोटोत, मग माझ्याकडे. त्या युनिटचा ग्रुप फोटो मला मिळणार होता, तो दुसऱ्या स्टुडिओला गेला.

मी चिडून कॉम्प्युटरवर इलाज शोधला. त्या प्रोग्रॅममध्ये एक सोय होती, जांभळा रंग निवडायचा आणि खाली ओढायचा, की फोटोतून जांभळा गायब. मला वाटलं, आता बसा म्हणावं भिंग घेऊन. पहिलाच प्रयोग मी एका लग्नाच्या अल्बमवर केला. कड गेली. त्याबरोबर नवरीचा वांगी रंगाचा शालूही गेला. पंचवीस फोटोंमध्ये नवरी राखेच्या रंगाचं काहीतरी नेसून बसलेली. नवरीची आई दुकानात येऊन मला जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. गायधनी मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून दिवसभर प्रसन्न होते. ही दुरुस्ती नव्हे, रंगसफेदी आहे, असं त्यांनी मला तीन वेळा सांगितलं.

माझीही एकदा वेळ आली. चांदवडचा एक कांद्याचा व्यापारी कॅलेंडरसाठी कांद्याच्या ढिगाचा फोटो काढून घ्यायला आला होता. भर उन्हात मी फोटो काढला, आणि खरं सांगतो, त्यात प्रत्येक कांद्याला जांभळी कड होती. गायधनींनी नुसत्या डोळ्याने ओळखलं, भिंगाची गरज पडली नाही. त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात व्यापारी म्हणाला, "लय भारी निघालाय राव. माल असाच दिसाया पाह्यजे." आणि त्याने कॅलेंडरं छापायला सांगून टाकली. त्या दिवशी गायधनी घरी जाऊन जेवले नाहीत, असं त्यांच्या मुलीने मला नंतर सांगितलं. मला फार बरं वाटलं.

आता या मुलीबद्दल सांगायला हवं, कारण खरा घोळ तिथंच होता. वैशाली त्यांची एकुलती एक मुलगी. बायको चार वर्षांमागे गेलेली, घरात हे दोघंच. वैशाली नाशिकरोडला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. शांत, कामाची, एकोणतिशी गाठलेली. तिचं लग्न ठरत नव्हतं, आणि ठरत नव्हतं याचं कारण संपूर्ण कॅम्पाला ठाऊक होतं. तिचा फोटो पास होत नव्हता.

लग्नाच्या गोष्टी पत्रिका आणि फोटोवर चालतात. पत्रिका तयार होती. फोटो गायधनी स्वतः काढणार. मी म्हटलं, मी काढून देतो, फुकट देतो. तर म्हणाले, "तुमच्या लेन्सने? माझ्या मुलीचा?" पुढे मी ते बोलणंच सोडलं. मस्कतला असलेल्या भावाने त्यांना एक बऱ्यापैकी कॅमेरा आणून दिला होता. दर रविवारी दुपारी त्या कॅमेऱ्याने गच्चीवर वैशालीचे फोटो व्हायचे. सोमवारी कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन माझ्याकडे यायचे, मी एकेक प्रिंट काढून द्यायचो, आणि ते माझ्याच काउंटरवर स्वतःचाच फोटो रिजेक्ट करायचे. कानाशी कड. खांद्याला कड. केसांच्या बटांना तर विचारूच नका. मग म्हणायचे, भावाने फसवा माल आणला, पुढच्या रविवारी बघू.

असे रविवार किती गेले असतील? दोन वर्षांचे मोजा. या दोन वर्षांत मालेगावचं एक स्थळ गेलं, पुण्याचं एक गेलं. मुलाकडचे फोटो मागून मागून थकले. लोकांनी काय काय तर्क केले, मुलीत काही व्यंग असेल, फोटो का लपवतात. आणि हा माणूस भिंग घेऊन मुलीच्या कानाची कड बघत बसलेला. मी तर बायकोला स्पष्ट म्हणायचो, असला बाप असण्यापेक्षा नसलेला बरा. बोललो खरा, खोटं कशाला सांगू.

माझी बायको सुमन मात्र या प्रकरणात शिरली. तिचा मावसभाऊ दिलीप पेठला शेतकी खात्यात. चौतिशीचा, सालस, पण पेठच्या डोंगरात राहायला मुली तयार नाहीत म्हणून बिचारा राहिलेला. आमच्या सत्यनारायणाला तो आणि वैशाली दोघंही आले होते. पंगतीत शेजारी बसले, आणि भाताच्या जातींवर अर्धा तास बोलले. भाताच्या जातींवर मुलगी अर्धा तास बोलते म्हणजे काय समजायचं ते सुमनने समजून घेतलं. वैशालीला तिने सरळ विचारलं. पेठला कॉम्प्युटरचा क्लास नाही, तिथं काढता येईल, एवढं ती म्हणाली आणि लाल झाली.

म्हणजे मुलगा तयार, मुलगी तयार. अडलं कुठं, तर दिलीपच्या आईपाशी. मावशी जुन्या वळणाची. मुलीकडून रीतसर पत्रिका आणि फोटो आल्याशिवाय आपण पुढचं पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा हट्ट. मुलीच्या बापाला आपलं घर पसंत आहे की नाही हे फोटो पाठवला म्हणजे कळतं, असं त्यांचं गणित, आणि ते काही चुकीचं नव्हतं. त्यांनी एक महिना वाट बघितली, दोन महिने बघितली. मग त्यांचा निरोप आला की चांदवडच्या एका मुलीचा फोटो घरात येऊन पडलाय, सोमवारपर्यंत गायधनींचा आला नाही तर मंगळवारी आम्ही चांदवडला मुलगी बघायला जाणार. सुमनने हा निरोप मला स्वयंपाकघरातून मोठ्याने वाचून दाखवला, जणू काही फोटो मीच अडवला होता.

तो मंगळवार होता. आदल्या दिवशीच गायधनी नेहमीप्रमाणे कार्ड ठेवून, चार फोटो रिजेक्ट करून गेले होते. मी रागारागाने ते कार्ड कॉम्प्युटरला लावलं. मनात असं की यातलाच एक फोटो उचलायचा, कड गेली खड्ड्यात, आणि परस्पर पेठला धाडून द्यायचा.

आता या डिजिटल कॅमेऱ्यांची एक गंमत असते, आणि ती मला प्रिंटिंगचं मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरने दाखवली होती. कॅमेरा नुसता फोटो काढत नाही. प्रत्येक फोटोच्या पोटात तो टिपून ठेवतो, अ‍ॅपर्चर किती होतं, झूम किती होता, किती वाजले होते. फोटो उघडून एक बटण दाबलं की सगळं समोर. मी सहज उघडून बघितलं. अ‍ॅपर्चर दोन पूर्णांक आठ. म्हणजे खिडकी सताड उघडी. झूम शेवटपर्यंत ताणलेला. वेळ दुपारी साडेबारा. मागे आभाळ तर दिसतच होतं, पांढरं फटफटीत.

म्हटलं, चुकून झालं असेल. दुसरा फोटो बघितला. दोन पूर्णांक आठ. तिसरा, चौथा, तेच. त्यांचे मागचे सगळे फोटो माझ्याकडे साठवलेले होते, ते काढले. दोन वर्षांतला एकेक रविवार उघडला. दोन पूर्णांक आठ, सगळे. त्याच कार्डावर गायधनींनी काढलेलं जास्वंदीचं फूल होतं, ते आठवर. शेजारच्या पोरीचा वाढदिवस, तो सावलीत, भिंतीशी, मुलगी मधोमध, आठवर. कुठं कड शोधून सापडायची नाही. सगळ्या जगाचे फोटो या माणसाने बिनचूक काढले होते. फक्त स्वतःच्या मुलीचे फोटो काढताना तो जी जी चूक मला वर्षानुवर्षं 'करू नका' म्हणून सांगत आला, ती ओळीने सगळी करत होता.

मला काय वाटलं ते सांगतो. आनंद झाला. सुभेदारसाहेबांच्या मिशा आठवल्या, वांगी शालू आठवला, आणि मी त्या रात्री चांगला जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गायधनी आले. स्टुलावर बसले, गठ्ठ्यातला फोटो उचलायला हात घातला. मी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि म्हटलं, आधी हे तपासा. एकेक फोटो उघडून दाखवला, एकेक आकडा वाचून दाखवला. त्यांना पहिल्यांदा कळेचना. वर्कशॉपात कुठल्या भिंगात काय बिघाड होता हे रजिस्टरमध्ये ते स्वतः लिहायचे. भिंग आपलं आपण काही लिहीत नसे. वस्तू आपल्यामागे आपली नोंद ठेवते, हे त्यांच्या डोक्यातच आलेलं नव्हतं.

"हे कॅमेऱ्याने लिहिलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो, आणि दोन वर्षांपासून लिहितोय. वर आणखी दोन-चार शब्द ऐकवले. मुलीच्या आयुष्याचं वाटोळं करणारा बाप, असंही म्हणालो. पेठच्या स्थळाची आणि सोमवारच्या मुदतीची गोष्टही सांगितली. मला वाटलं होतं, भांडतील, काचेचा दोष सांगतील, रंगरूट सांगतील. पण त्यांनी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "हे वैशालीला वाचता येतं का हो?"

मी म्हटलं, ती कॉम्प्युटर शिकवते. तिला नाही येणार तर कोणाला.

"मग तिला माहीत आहे," ते म्हणाले. "फोटो ती घरी बघायची. माझ्याआधी."

एक जवान पासपोर्ट फोटो न्यायला आला आणि गेला. गायधनी उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. लग्न मोडायचं मनात कधीच नव्हतं, असं त्यांनी मला सांगितलं. फक्त लांबवायचं होतं, एक रविवार, मग अजून एक. ती साडेसहाच्या बसने येते, मी सहाला कुकर लावतो, म्हणाले. दोन माणसांचा. एका माणसाचा कुकर कसा लावायचा, पाणी किती, मला येत नाही. एवढं सांगून ते गेले, आणि त्या दिवशी त्यांनी माझा एकही फोटो रिजेक्ट केला नाही. मला वाईट वाटलं. पण जिंकल्याची चवही अजून तोंडात होतीच, तेही लपवत नाही.

संध्याकाळी वैशाली बसमधून उतरून थेट दुकानात आली. वडिलांनी दुपारी क्लासवर फोन करून आज कुकर लावत नाही असं कळवलं, इथं काही झालं का, म्हणून विचारायला. मी झालं ते सांगितलं. म्हटलं, तुला खरंच माहीत होतं?

"पहिल्याच महिन्यात कळलं होतं, सुधाकरकाका."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? दोन वर्षं त्या उन्हात उभी राहिलीस, ती काय म्हणून?

तिने पर्स काउंटरवर ठेवली. "आई गेल्यापासून आमच्या घरात कोणी बोलत नाही. ते भिंग घेऊन बसतात, मी तपासायच्या वह्या घेऊन बसते. रविवारी अर्धा तास ते माझ्याशी बोलायचे. हनुवटी वर कर, इकडे बघ, जरा हस. दोन्ही डोळे उघडून बघायचे माझ्याकडे, फोटो घ्यायच्या आधी. मला तो अर्धा तास हवा होता." मग म्हणाली, "पण आता दिलीप थांबणार नाहीत. थांबावं असं मी म्हणूही शकत नाही."

मी लगेच म्हटलं, चल आत, मी आत्ता काढतो फोटो, पाच मिनिटांचं काम आहे. ती नको म्हणाली. काढायचा तर तेच काढतील, आणि नाही काढला तर मी चांदवडच्या मुलीला शुभेच्छा देईन. असं म्हणून ती घरी गेली. बापलेक एकाच काचेचे, असं मी सुमनला म्हणालो, आणि ती माझ्याशी त्या रात्री बोलली नाही.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार गायधनी दुकानात फिरकले नाहीत. कोपऱ्यातलं स्टूल रिकामं. सुमन रोज दोनदा विचारायची, फोटो आला का. मी खेकसायचो. रविवारी मी दुकान उघडत नाही, पण त्या रविवारी उघडून बसलो होतो. का बसलो होतो ते मलाच ठाऊक.

दुपारी तीनच्या सुमारास गायधनी आले. इस्त्रीचा बुशशर्ट, हातात नवं कार्ड. स्टुलावर बसले नाहीत. कार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि उभे राहिले. कार्डावर एकच फोटो होता. मी उघडला. वैशाली घराच्या मागच्या सावलीत, भिंतीपाशी, मधोमध. आभाळाचा तुकडासुद्धा नाही. साधी पिवळी साडी, आणि असं हसलेली की तिला मी तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. मी कॅमेऱ्याने टिपलेला आकडा बघितला. आठ. झूम अजिबात नाही. फोटो मोठा करून कान बघितला, खांदा बघितला, बटा बघितल्या. जांभळ्याचा मागमूस नव्हता.

पण फोटो हललेला होता.

थोडासाच. सावलीत खिडकी आठवर बारीक केली की उजेड कमी आत येतो, मग कॅमेरा पापणी जास्त वेळ उघडी ठेवतो, आणि तेवढा वेळ हात स्थिर राहावा लागतो. ज्यांनी जन्मभर केसाएवढे स्क्रू भिंगात बसवले त्यांचा हात तेवढा वेळ स्थिर राहिला नव्हता. डोळे, ओठ, साडीचा काठ, सगळं किंचित दुहेरी.

मग मी म्हटलं, काका, फोटो छान आहे, फक्त जरासा हललाय. माझ्याकडे स्टँड आहे, घेऊन जा, अजून ऊन आहे, एक परत काढा. उद्या सकाळी मी स्वतः पेठला पोचवतो.

गायधनींनी पडद्याकडे बघितलं. भिंग गळ्यात होतं, त्याला हात लावला नाही.

"स्टँडने फोटो हलायचा नाही, मला माहितीये," ते म्हणाले. "पण परत काढायला लावू नका. परत उभी केली तर मी पुन्हा खिडकी उघडीन. तुम्ही हाच पाठवा."

मी त्याची प्रिंट काढली, पाकिटात घातली, आणि त्यांच्यासमोरच पाकीट चिकटवून टाकलं.